जुन्या गाडीचा आरपीएम मीटर घरच्या टेबलावर तपासताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. १९६० च्या दशकातली चार सिलिंडरची ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे, तिच्यात स्मिथ्स कंपनीचा मूळ आरपीएम मीटर (इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्या होतात ते दाखवणारा) आहे. काटा २,००० च्या आसपास अडतो आणि मग एकदम उडी मारून ३,००० वर जातो. तुम्ही मीटर काढून टेबलावर घेतलात, १२ व्होल्ट दिलेत आणि सिग्नल जनरेटरमधून १०० हर्ट्झची, ५ व्होल्टची चौकोनी लहर मीटरमागच्या पांढऱ्या वायरच्या वेढ्याला जोडलीत. काटा जागचा हलला नाही. म्हणून आता आतलं जुनं सर्किट काढून आधुनिक बोर्ड बसवावं का, असं विचारताय.

नका बसवू. निदान एवढ्या चाचणीवरून तरी नको. गाडीत काटा हलत होता, चुकीचा का होईना पण हलत होता. टेबलावर तो अजिबात हलत नसेल तर आधी चाचणीवर शंका घ्यायची, मीटरवर नंतर. अशा मीटरांची दुरुस्ती करताना सगळ्यात जास्त नुकसान मी इथंच झालेलं बघतो: चाचणीचा सिग्नल मीटरला लागतो तसा नसतो, काटा हलत नाही, आणि चांगलं चालणारं मूळ सर्किट कचऱ्यात जातं.

तुम्ही डायलवरची अक्षरं कळवली नाहीत, पण 'मागे पांढऱ्या वायरचा वेढा आहे' असं ओघात लिहिलंत. त्यावरून बरंच कळतं. तो वेढा म्हणजे हा मीटर करंटवर चालणाऱ्या जातीचा आहे. डायलच्या तळाशी बारीक अक्षरांत आरव्हीआय असं असेल, बघून घ्या. या मीटरमध्ये इग्निशन स्विचकडून स्पार्क तयार करणाऱ्या इग्निशन कॉइलकडे जाणारी वायर एका छोट्या लोखंडी गाभ्याभोवतीच्या वेढ्यातून जाते. पॉइंट (इंजिनाबरोबर उघडझाप करणारा छोटा स्विच) उघडले की कॉइलचा करंट झटक्यात तुटतो, गाभ्यातलं चुंबकत्व कोसळतं आणि आतल्या सर्किटला एक ठोका मिळतो. म्हणजे मीटरला त्या वायरवर किती व्होल्ट आहेत याच्याशी काही घेणंदेणं नसतं. वेढ्यातून किती अँपिअर गेले आणि ते किती झपाट्यानं तुटले, एवढंच तो ओळखतो.

आता तुमच्या चाचणीचा हिशेब करू. साध्या कॉइलचा प्रायमरी रोध साधारण ३ ओहम असतो. १२ व्होल्टला त्यातून ४ अँपिअरच्या घरात करंट जातो. तुमच्या जनरेटरचा आउटपुट रोध, बहुतेक जनरेटरांचा असतो तसा, ५० ओहम धरला तर ५ व्होल्टला जास्तीत जास्त ०.१ अँपिअर मिळतो. वेढा म्हणजे नुसता तांब्याचा तुकडा, त्याचा स्वतःचा रोध नगण्य, त्यामुळे जनरेटर जवळजवळ शॉर्टवरच चालला. मीटरला जेवढं लागतं त्याच्या चाळीसाव्या हिश्श्याएवढाच ठोका मिळाला. त्यावर काटा न हलणं अगदी बरोबर आहे.

तुमचा जनरेटर मात्र वाया जात नाही. त्याला फक्त ताकदीचा स्विच जोडून द्यायचा. आयआरएलझेड४४एन सारखा, ५ व्होल्टवर पूर्ण चालू होणारा मॉसफेट घ्या. त्याच्या गेट या पायाला व्होल्टेज दिलं की ड्रेन आणि सोर्स या दोन पायांतून करंट वाहतो. गाडीच्या ब्रेकलाइटचे २१ वॅटचे दोन बल्ब समांतर जोडा. बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून १० अँपिअरचा फ्यूज, तिथून मीटरचा वेढा, वेढ्यातून बल्ब, बल्बमधून मॉसफेटचा ड्रेन, आणि सोर्स बॅटरीच्या निगेटिव्हला. जनरेटरची ग्राउंड वायर सोर्सला, सिग्नल १०० ओहममधून गेटला. गेट आणि सोर्सच्या मधे एक १० किलोओहमचा रोध टाका, म्हणजे जनरेटर बंद असताना मॉसफेट अर्धवट उघडा राहणार नाही. दोन बल्ब मिळून साडेतीन अँपिअरच्या आसपास ओढतात. कॉइलच्या जवळ जाणारा हा आकडा आहे आणि स्पार्कची, हजारो व्होल्टची भानगडच नाही. इथे एक गोष्ट तपासा: जनरेटरची लहर शून्याच्या वरखाली असेल, म्हणजे उणे अडीच ते अधिक अडीच, तर मॉसफेट नीट उघडणार नाही. ऑफसेट देऊन ती ० ते ५ करून घ्या.

एकच बल्ब असेल तरी चालतं, फक्त वेढे वाढवायचे. गाभ्यावर परिणाम होतो तो करंट गुणिले वेढे यांचा. एका वेढ्यातून ४ अँपिअर आणि चार वेढ्यांतून १ अँपिअर, गाभ्याला दोन्ही सारखंच. तुमच्या मीटरचा वेढा बाहेर असल्यानं चाचणीपुरती वेगळी लांब वायर घेऊन दोन-तीन वेढे सहज घालता येतात. मूळ वायर कशी गेली होती त्याचा फोटो आधी काढून ठेवा. वेढ्याची दिशा उलटी झाली तर मीटर गप्प बसतो किंवा काटा वेडावाकडा नाचतो. चाचणीत काहीच हलचाल नसेल तर सगळ्यात आधी वेढ्याची दोन टोकं अदलाबदल करून बघा.

जनरेटर नसलेल्यांसाठी ५५५ टायमर ही स्वस्त, ठोके देणारी चिप पुरते. १ मायक्रोफॅराड कपॅसिटर, वरचा रोध १ किलोओहम, खालचा २.७ किलोओहम अधिक ५० किलोओहमचा पॉट (फिरवून रोध बदलता येतो तो), एवढ्यात साधारण साडेतेरा ते सव्वादोनशे हर्ट्झ मिळतात. चार सिलिंडरसाठी ४०० ते ६,७०० आरपीएम. आर्डुइनो हा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की त्याच्या तयार टोन फंक्शनला ३१ हर्ट्झच्या खाली उतरता येत नाही, म्हणजे चार सिलिंडरला ९३० च्या खालचं आयडलिंग तपासायचं तर स्वतःचा कोड लिहावा लागतो. काहीही वापरलंत तरी पॉटच्या खुणांवर विसंबू नका, मल्टिमीटरच्या हर्ट्झ रेंजवर वारंवारिता मोजा. तो मल्टिमीटर बरोबर मोजतोय का, हे पडताळायला जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे एसी आउटपुटचा छोटा बंदिस्त अ‍ॅडॅप्टर चांगला. त्याच्या १२ व्होल्ट एसीवर मल्टिमीटरनं ५० दाखवायला हवेत.

आता मीटरची स्वतःची पॉवर. इथे घाई करू नका. त्या काळातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं असायचं. एमजीबी ही स्पोर्ट्स कार १९६७ मध्ये निगेटिव्ह अर्थवर आली. पॉझिटिव्ह अर्थच्या मीटरची बॉडी सप्लायच्या पॉझिटिव्हला लागते. निगेटिव्ह अर्थ समजून उलटी जोडलीत तर जुने ट्रान्झिस्टर एका क्षणात जातात. काही डायलवर पॉझिटिव्ह की निगेटिव्ह अर्थ हे छापलेलंच असतं. नसेल तर आणि गाडीची अर्थ मागच्या मालकानं बदलली असेल तर गाडीवरून निष्कर्ष काढू नका. मीटर उघडून आतल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरची कुठली बाजू बॉडीकडे जाते ते बघा. पॉवर देताना करंट मर्यादा असलेला सप्लाय १०० मिलीअँपिअरवर लावा, किंवा निदान पाव अँपिअरचा फ्यूज टाका. डायलचा दिवा या चाचणीत काढून ठेवा.

एक सोय अशी की वेढा आणि आतलं सर्किट यांचा विजेचा संबंध नाही, फक्त चुंबकाचा आहे. म्हणून बल्बच्या सर्किटला एक बॅटरी आणि मीटरला दुसरा सप्लाय, असं पूर्ण वेगळं ठेवता येतं. मीटर पॉझिटिव्ह अर्थचा असो वा निगेटिव्ह, बल्बच्या बाजूला काही बदलावं लागत नाही. दोन्हींचं काही एकमेकांना चिकटू देऊ नका, एवढंच.

किती हर्ट्झला किती आरपीएम? चार स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणून हर्ट्झ म्हणजे आरपीएम गुणिले सिलिंडर भागिले १२०. तुमच्या चार सिलिंडरला १,००० आरपीएम म्हणजे ३३.३ हर्ट्झ, ३,००० म्हणजे १००, ६,००० म्हणजे २००. सहा सिलिंडरला १,००० ला ५० आणि ३,००० ला १५०. आठला ३,००० ला २००. हे सूत्र आणखी एका कामाला येतं. जुन्या मीटरची अदलाबदल फार झालेली असते. १०० हर्ट्झला तुमच्या काट्यानं नेमके २,००० दाखवले तर बिघाड शोधत बसू नका, तो सहा सिलिंडरसाठी लावलेला मीटर आहे.

मोजताना मीटर गाडीत ज्या कोनात बसतो त्याच कोनात धरून ठेवा. टेबलावर पालथा-उताणा ठेवलेल्या मीटरचा काटा वेगळं बोलतो, कारण काट्याचा तोल कधीच शंभर टक्के नसतो. दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवून सर्किट जरा गरम होऊ द्या. मग १,००० पासून हजार-हजारानं वर जा, प्रत्येक ठिकाणी थांबा, वाचन लिहा, आणि वरून तसेच हजार-हजारानं खाली या. चढतानाचं आणि उतरतानाचं वाचन दोन वेगळ्या रकान्यांत लिहा. तुमच्या तक्रारीचं उत्तर बहुधा या दोन रकान्यांतच सापडेल, म्हणून हे नुसतं नजरेनं करू नका.

आकडे कसे वाचायचे ते सांगायच्या आधी आत काय चालतं ते थोडक्यात. प्रत्येक ठोक्याला सर्किट ठराविक रुंदीचा आणि ठराविक उंचीचा करंट काट्याच्या कॉइलमध्ये सोडतं. काटा त्यांची सरासरी दाखवतो. ठोके जास्त, सरासरी जास्त. नळाखाली सारख्याच मापाचे पेले मिनिटाला किती भरले ते मोजावं, तसं. रुंदी ठरते एका कपॅसिटरवर आणि त्याच्या रोधावर, उंची ठरते सप्लायवर.

म्हणून १,००० ला ९००, ३,००० ला २,७००, ५,००० ला ४,५०० असं प्रमाणात चुकत असेल तर पेल्याचं माप बदललंय. टायमिंगचा कपॅसिटर किंवा रोध वयोमानानं सरकलाय. हे प्रीसेटनं, म्हणजे आतल्या बारीक फिरवायच्या रोधानं, सुधारतं. १,००० ला १,२००, ३,००० ला ३,२००, ५,००० ला ५,२०० असं सगळीकडे सारखंच चुकत असेल तर सर्किट बरोबर आहे आणि काटा दांड्यावर चुकीच्या जागी बसलाय. प्रीसेट फिरवून हे सुधारायला गेलात तर एका आकड्याला जमेल आणि बाकी सगळीकडे बिघडेल. ४,००० पर्यंत छान आणि वर काटा चढेचना, किंवा एकदम अर्ध्यावर कोसळला, तर सर्किटचा ठोका इतका लांबलाय की तो संपायच्या आत पुढचा येतो आणि मोजला जात नाही. कमी फेऱ्यांवर दुप्पट दाखवत असेल तर एका ठोक्याचे दोन मोजले जातायत. ते गाडीत पॉइंटच्या थरथरीनं होऊ शकतं. टेबलावर स्वच्छ सिग्नल असतानाही झालं तर मात्र दोष सर्किटचा.

आता चढता आणि उतरता रकाना. ३,००० ला चढताना २,८०० आणि उतरताना ३,२०० असा फरक दिसला तर काटा कुठेतरी घासतोय. बोटानं काचेवर हलकी टिचकी मारा. टिचकीसरशी काटा बरोबर जागी गेला तर खात्रीच झाली. तुमचं 'अडतो आणि उडी मारतो' हे लक्षण ऐकून मला पहिला संशय याचाच आला. लोहचुंबकाच्या फटीत लोखंडाचा कण, डायलला किंचित टेकणारा काटा, किंवा आत आलेली काच, ही नेहमीची कारणं. बाहेरची रिंग पक्कडीनं उचकटू नका. ती फिरवून तिचे कान बॉडीच्या खाचांसमोर आणले की निघते. जुना रंग आणि रबर चिकटलेलं असतं, तेव्हा थोडा वेळ द्या. फटीतला कण चिकटपट्टीची कडा आत सरकवून उचला. हवेचा झोत मारायचा नाही, केसासारखी स्प्रिंग त्यात वाकते. आणि पिव्हटला तेल तर मुळीच नको. तेल धूळ धरतं आणि वर्षभरात काटा आधीपेक्षा जास्त अडतो.

सर्किट आणि काटा यांतलं नेमकं कोण दोषी हे ठरत नसेल तर काट्याच्या कॉइलची एक वायर सोडवा. दीड व्होल्टचा एक सेल, १ किलोओहमचा रोध आणि १० किलोओहमचा पॉट ओळीनं जोडून काट्याला द्या, सुरुवात पॉट पूर्ण रोधावर ठेवून. पॉट हळूहळू फिरवा. इथेही काटा त्याच जागी अडला तर इलेक्ट्रॉनिक्सला निर्दोष सोडून द्या. तो सरसर वर गेला तर काट्यावरचा संशय मिटला.

एक चाचणी बहुतेक जण विसरतात. १०० हर्ट्झ कायम ठेवून मीटरचा सप्लाय १२ वरून १४ व्होल्टवर न्या. गाडी चालू असताना व्होल्टेज तेवढं चढतंच. काटा तसूभर सरकला तर ठीक. व्होल्टेजबरोबर काटाही चालू लागला तर आतलं व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग, बहुधा झेनर किंवा त्याचा रोध, गेलाय. प्रीसेटला हात लावायच्या आधी हे बघितलं नाहीत तर टेबलावर बरोबर केलेला मीटर गाडीत पुन्हा चुकतो.

प्रीसेटबद्दल माझं मत असं. आधी त्याच्या मूळ जागेवर पेन्सिलीची खूण करा. मग तो थोडाथोडा दोन्ही बाजूंना फिरवा, कारण इतक्या वर्षांत त्याच्या पट्टीवर गंज चढलेला असतो आणि फिरवल्यानंच कधीकधी मीटर सुधारतो. लावायचा तो ३,००० ला, आयडलिंगला नाही. आयडलिंगला पन्नासाचा फरक डोळ्याला कळतही नाही आणि तोच वर जाऊन मोठा होतो. ३,००० ला शंभराच्या आत आला की मी हात काढून घेतो. हे रस्त्यावरचं यंत्र आहे, प्रयोगशाळेतलं नाही. प्रीसेट टोकाला जाऊनही आकडा जुळत नसेल तर कपॅसिटर बदला. इलेक्ट्रोलायटिकच्या जागी त्याच मूल्याचा इलेक्ट्रोलायटिक, टायमिंगच्या जागी चांगला फिल्म कपॅसिटर. दोन-तीन सुटे भाग बदलून मूळ सर्किट वाचत असेल तर पूर्ण बोर्ड काढण्याला माझा विरोध आहे. मूळ सर्किट पुन्हा मिळत नाही.

डायलवर आरव्हीसी असेल, किंवा तुमचा मीटर व्हीडीओ (VDO) कंपनीच्या मीटरसारखा कॉइलच्या निगेटिव्ह टर्मिनलवरून एक वायर घेणारा असेल, तर तो व्होल्टेजवर चालतो आणि वरचं बल्बचं सर्किट त्याला लागू नाही. पॉइंट उघडताना त्या टर्मिनलवर दोन-तीनशे व्होल्टचा स्पाइक येतो. काही मीटर १२ व्होल्टच्या चौकोनी लहरीवरही जागे होतात, काहींना स्पाइकच लागतो. मग बल्बच्या जागी १२ व्होल्टच्या रिलेची नुसती कॉइल लावा, तिच्यावर डायोड नको, आणि मॉसफेट ५०० व्होल्टचा घ्या, उदाहरणार्थ आयआरएफ८४०. त्याच्या गेटला १० ते १२ व्होल्ट लागतात, म्हणून तिथे ५५५ सोयीचा. ड्रेनवरून मीटरला सिग्नल. त्या बिंदूला जनरेटर किंवा बोट लावायचं नाही. खरी इग्निशन कॉइल टेबलावर वापरायचा मोह टाळा. वापरलीच तर सेकंडरीला, म्हणजे स्पार्ककडे जाणाऱ्या हाय व्होल्टेजच्या टोकाला, अर्थ केलेला स्पार्क प्लग हवाच. उघडी सोडली तर तिचं इन्सुलेशन फुटतं आणि झटका बसला तर तो गंमतीचा नसतो.

केबलवर फिरणाऱ्या मीटरला सिग्नल नाहीच, ड्रिल मशीन आणि प्रकाशावर चालणारा टॅकोमीटर लागतो. केबल बहुतेकदा इंजिनाच्या निम्म्या वेगानं फिरते, पण डायलवरचं गुणोत्तर बघूनच ठरवा. फिरण्याची दिशा आधी नक्की करा, उलटं फिरवू नका. जुन्या जॅग्वारमध्ये आणखी वेगळी तऱ्हा आहे: मार्क २ आणि सुरुवातीच्या ई-टाइपमध्ये कॅमशाफ्टवर छोटा एसी जनरेटर असतो आणि मीटर म्हणजे त्याचा व्होल्टमीटर. त्यांना वरचं काहीच लागू नाही.

शेवटची शक्यता, आणि तुमच्या बाबतीत ती मी बरीच जवळची मानतो. टेबलावर काटा दोन्ही रकान्यांत गुळगुळीत चालला, टिचकीनं हलला नाही, १४ व्होल्टलाही जागेवर राहिला, तर मीटर परत लावा आणि डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे पॉइंट असलेल्या आणि प्लगना स्पार्क वाटणाऱ्या भागाचं, झाकण उघडा. पॉइंटची प्लेट स्पार्कची वेळ पुढेमागे करणाऱ्या व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सनं मागेपुढे फिरते आणि तिच्यासोबत आतली लवचिक लो टेन्शन वायर व अर्थची बारीक वेणी दरवेळी वाकते. वर्षानुवर्षं वाकून वायर आवरणाच्या आत तुटते, बाहेरून धडधाकट दिसते. प्लेट ठराविक जागी आली की जोड सुटतो, ठोके गळतात, काटा अडतो. प्लेट पुढे सरकली की जोड पुन्हा लागतो आणि काटा उडी मारतो. अशा वेळी इंजिनही तिथे जरासं गचकतं, ते आठवून बघा. बॅटरी सोडवा, मल्टिमीटर ओहमवर लावा, आधी त्या वायरच्या दोन टोकांना आणि मग प्लेट आणि डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीला. प्लेट बोटानं सावकाश फिरवत आकड्याकडे बघा. मधेच आकडा उसळला तर ती एक वायर बदलायची. बदलताना बारीक तारांची, लवचिक वायरच घ्या. साधी जाड वायर घातलीत तर ती प्लेटला फिरू देत नाही.